रुईफुली काठाचा शर्ट

नीलकंठ, तू मधे बोलू नकोस यार, नुसतं ऐक. आपला बिंदू, अरे बिंदुमाधव, दुर्गाघाटावरच्या शिवरामभटांचा मुलगा, त्याचं काय झालं ते ऐक.

त्याला छावणीतल्या एका कचेरीत नोकरी लागली, हे तुला माहीतच आहे. पण लागली कशी? हेडक्लार्क आपल्यातलेच, दत्तोपंत. त्यांनी पहिल्याच भेटीत तोफ डागली, "भटाची पोरं मला नकोत. कार्तिक आला की दक्षिणेसाठी घाटावर पळतात. तुझे वडील काय करतात?"

बिंदूच्या तोंडून निघून गेलं, "ग्वाल्हेरला असतात. नोकरीत."

"मग ठीक. आणि हे बघ, साहेबासमोर कोट, कॉलर, टोपी, बूट. पंचा-उपरणं इथे चालायचं नाही."

आता कोट आणायचा कुठून? घरात कापड म्हणाल तर एक पेटी भरून, पण सगळं दानाचं. यात्रेकरू अण्णांना, म्हणजे शिवरामभटांना, देतात ना, पंचे, उपरणी, मांजरपाट, तेच. सीताकाकूंनी, म्हणजे बिंदूच्या आईनं, अख्खी पेटी उपसली. जाड मांजरपाट होता, तो रंगरेजाकडून काळा करून आणला, त्याचा कोट. उपरण्याचं अस्तर. चौकातल्या जुन्या बाजारातून कुणाचे तरी वापरलेले बूट आणले, मोठे होत होते म्हणून पुढे कापूस कोंबला. शर्ट दोनच, एक अंगावर, एक दोरीवर. कॉलर झिजली की उसवून उलटी बसवायची, हेही काकूंनी आधीच ठरवून टाकलेलं. दुसऱ्या शर्टाला मात्र कापड कमी पडत होतं. पंचे सुरेख होते, नागपुरी, लाल-पिवळा रुईफुली काठ. पण काठ कापला तर शर्ट आखूड होणार. टेलर म्हणाला, "भाभीजी, किनारी नीचे रहने दीजिए, धोती में दब जाएगी."

काकू म्हणाल्या, "राहू दे. कोण बघतंय?"

आणि खरंच कुणी बघितलं नाही रे! बिंदू ऐटीत कचेरीत जायचा. घाम आला की मानेला काळा रंग लागायचा, तो गुपचूप रुमालानं पुसायचा. फक्त एक करायचा. अण्णा पंचगंगा घाटावर छत्रीखाली यजमान घेऊन बसतात ना, तिकडून जायचाच नाही. वरच्या गलीनं, लांबून. कचेरीतलं कुणी पाहिलं तर?

मग कार्तिक संपत आला. दत्तोपंतांच्या बायकोनं, आनंदीबाईंनी, व्रताचं उद्यापन केलं. पंत बिंदूला म्हणाले, "तुझे वडील तिकडे ग्वाल्हेरला. ये आमच्याकडे जेवायला."

गेला. कोट, शर्ट काढून खुंटीला अडकवले, त्यांनी दिलेलं सोवळं नेसला, पंगतीकडे वळला, आणि समोरच्या पाटावर कोण? अण्णा! आनंदीबाई महिनाभर पंचगंगेवर स्नानाला यायच्या, तिथल्या ओळखीनं त्यांनी अण्णांना बोलावलेलं. पंत कधी घाटावर फिरकायचे नाहीत, त्यांना काय ठाऊक!

"भटजी, हा आमच्या कचेरीतला नवा मुलगा," पंत म्हणाले. "वडील ग्वाल्हेरला असतात ह्याचे."

अण्णांनी बिंदूकडे पाहिलं. एकदाच. म्हणाले, "हो का? बसा, बसा. पान वाढलंय."

बसा म्हणाले रे! पोटच्या पोराला!

बिंदू खाली मान घालून भात कालवायला लागला. तेवढ्यात आनंदीबाई तूप वाढता वाढता थबकल्या. वाऱ्यानं खुंटीवरचा शर्ट उलटा झाला होता आणि खाली तो काठ लोंबत होता.

"अगबाई! हे तर माझे पंचे! माझ्या भावानं नागपुराहून पाठवलेले. गेल्या कार्तिकात मी ह्या शिवरामभटजींनाच दिले होते." मग बिंदूला म्हणाल्या, "तुमच्याकडे कसे आले हो?"

बिंदूनं तोंड उघडलं. 'हे माझे वडील', एवढंच तर म्हणायचं होतं! त्यानं पंतांकडे पाहिलं. खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. आणि घास तोंडात घातला.

तेव्हा अण्णा बोलले. "मीच विकले, वहिनी. बाजारात. ह्यांनी तिथून घेतले असतील."

"दान विकलंत?" आनंदीबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. "मी हातानं संकल्प सोडून दिलेलं दान?"

पंत हसले. "बघ! म्हणून मी म्हणतो, भट म्हणजे असे. पुढच्या वर्षी दुसरा बघ गं." आणि बिंदूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू जेव रे. तुझी काय चूक?"

अण्णा जेवून उठले. त्यांच्यासाठी काढून ठेवलेलं नवं उपरणं आनंदीबाईंनी दिलंच नाही. त्यांनी मागितलंही नाही. जाताना दारात बिंदूला म्हणाले, "येतो, बाबूसाहेब."

घाटावर ही गोष्ट पोचायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी छत्रीपाशी बायका येत, आणि अण्णांकडे न बघता शेजारच्या भटाकडे बसत. दान विकणारा भट! ज्यानं जन्मात एक सुपारी विकली नाही!

आणि घरी अण्णा काय म्हणाले सांगू? रागावले नाहीत, काही नाही. जानवं सारखं करत काकूंना एवढंच म्हणाले, "त्याचा तो काठ कापून टाक. आखूड झाला तर होऊ दे."

बिंदू काल मला ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर भेटला. कचेरीची वेळ झालेली, अंगात तोच कोट, मानेला काळा ओघळ. दत्तोपंतांचं घर तिथून मागच्याच गलीत. जाऊन खरं सांगितलं तर नोकरी जाते, आणि ती गेली तर घरात आता दुसरं यायचं कुठून? नाही सांगितलं तर अण्णा आयुष्यभर चोर. मला विचारत होता, "काय करू रे?" मला तर त्याच्याकडे बघवेना.

तू सांग, नीलकंठ. खरं सांग हं. तो घास हातात असताना तू काय केलं असतंस?