खाडीत भिजत घातलेली होडी

मित्रांनो, होडी म्हणावं असं माझ्यात आता फारसं काही उरलेलं नाही, पण मढच्या किनाऱ्यावर मला अजून त्याच नावाने ओळखतात. मी सागाची, एका शिडाची, लहानशी. धर्मा कोळ्याच्या बापाने मला बांधून घेतलं. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकला, वर राळ भरली, आणि तेव्हापासून मी जी कामाला लागले, ती अंग खिळखिळं होईपर्यंत.

मासळी तर मी वाहिलीच, पण माझं सुख निराळं होतं. धर्माची बायको सोनूबाई उत्तनची. तिला माहेरी मीच न्यायचे. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून सुटला की शीड भरायचं. आक्सा, मनोरी, गोराई उजव्या हाताला ठेवून किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत जायचं. नवरा-बायको वाटभर गप्पा मारत. घरात त्यांना एवढी उसंत कुठली!

मग इंजिनाच्या बोटी आल्या. गावात रंगीत टीव्ही आला त्या सुमारास धर्मानेही एक बोट घेतली आणि मला वाळूत ओढून ठेवलं. तिथे शूटिंगवाल्यांनी मला पाहिलं. गुलाबी रंग फासला, नट्या बसवल्या. "काय झकास होडी आहे!" असं जो तो म्हणे. माझ्या तळाला मात्र पाण्याचा थेंब लागत नव्हता. कौतुकाने लाकूड ओलं होत नाही, मित्रांनो.

एके दिवशी शूटिंगवाल्यांचा श्यामकांत म्हणाला, "काका, हिची एक बाजू कापून द्या ना. आत कॅमेरा बसवायचाय. मग होडी आम्हीच घेऊन टाकू."

धर्माने मान डोलावली. खोटं कशाला बोलू? मलाही वाटलं, कापा एकदाची. पडून पडून जीव विटला होता.

सोनूबाई मात्र अडून बसली. "कापायची तर कापा. त्याच्याआधी मना हिच्यातनं माहेरी न्या."

"बोटीनं जाऊ गो. लवकर पोचशील."

"बोटीत कानठळ्या बसतात. दोन शब्द बोलता येत नाय. तुमच्याशी बोलून किती दिस झाले, हाय का ठावं?"

दुसऱ्याच दिवशी धर्माने मला पाण्यात ढकललं, आणि जन्मभराचा कोळी असून फसला! उन्हात माझे सांधे उकलले होते. सोनूबाई नीट बसते न बसते तोच माझ्यात पाणी शिरलं आणि तिचं नवं लुगडं कमरेपर्यंत भिजलं.

"कोली ना तुमी? सुकलेली होडी आधी भिजवाय लागते, ते बी इसरलात?" ती कडाडली.

धर्माने माझ्यात दगड भरले आणि मला खाडीच्या उथळ पाण्यात बुडवलं. लाकूड फुगून सांधे मिटावेत म्हणून आमच्याकडे असंच करतात. शेजारचा जयवंत बोटीतून ओरडला, "धर्मा, जलसमाधी दिलीस काय रे हिला?" धर्मा हसला नाही. मी पाणी पीत पडून राहिले. फार दिवसांनी बरं वाटलं.

सांधे मिटल्यावर धर्माने दगड काढून पाणी उपसलं, आणि मग आम्ही निघालो. मनोरी मागे पडल्यावर सोनूबाईने विचारलं, "होडी का देता वो?"

धर्माने शिडाचा दोर दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "शीड वढवत नाय गो आता. खांदा गेलाय. कुणाला सांगू?"

"मना सांगायचं ना!" सोनूबाई उठली आणि तिने त्याच्या हातातला दोर घेतला. तो रडला. मीही रडले असते, पण माझ्यात आधीच थोडं पाणी होतं.

श्यामकांत करवत घेऊन आला तेव्हा सोनूबाई माझ्यापुढे उभी राहिली. धर्मा म्हणाला, "जा बाबा. होडी द्यायची नाय."

आता मी खाडीत बांधलेली असते. तळ कुजत चाललाय, लांब जाणं होत नाही. मी थकले आहे, हे लपवत नाही. मित्रांनो, नटवून उन्हात ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. घरात कोणी गप्प गप्प असेल, तर दमलास का, एवढं विचारा. आणि माझं म्हणाल, तर मोडायची वेळ आली की सगळी मोडा. अर्धी करून उभी ठेवू नका.