बिनआंब्याची आमराई

लातूरच्या ट्रस्टचा फोन आला तेव्हापासून दीपालीचे पाय जमिनीवर नव्हते. उमरीजवळच्या तिच्या गावात प्रत्येक शेताला नाव होतं. सासूचं रान, भांडणाची पट्टी, रेडा बुडाला ती रेडेखाच. पण तिच्या वर्गातली पोरं शेत कुठलं विचारलं की गट नंबर सांगायची. म्हणून या नावांच्या गोष्टी म्हाताऱ्यांच्या आवाजात रेकॉर्ड करायच्या अन् बांधाबांधावर पाट्या लावायच्या, असा प्रकल्प तिने एकटीने लिहून पाठवला होता. "असल्या कामाला पैसे कोण देतंय?" म्हणणारे मुख्याध्यापक आता "आमची दीपाली" म्हणत फिरत होते.

अट एकच. ट्रस्टच्या शिवकांता मॅडम गावात येऊन लोकांच्या तोंडून नावं ऐकणार, मगच निधीचं ठरणार.

दीपालीने मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून स्वतः पुकारलं, "उद्या लातूरहून मॅडम येतायत. प्रत्येकानं आपापल्या शेताची माहिती सांगायला पारावर यावं."

सकाळी पार गच्च भरला. कधी घराबाहेर न पडणारेही धुतलेलं धोतर नेसून आले. दीपालीला वाटलं, जिंकलो आपण.

"आबा, तुम्ही सांगा आधी," ती पिराजी आबांना म्हणाली. दोघा भावांनी रुसून एकाच रानात एकाने ज्वारी अन् दुसऱ्याने तूर पेरली, ही गोष्ट आबांनीच तिला हसत हसत सांगितली होती.

आबा खाकरले. "आमचं रान समदं बागायती हाय, मॅडम. हीर हाय, पाइपलाइन हाय."

"आबा, नाव सांगा ना. भांडणाची पट्टी."

"कशाचं भांडण? आमच्यात कधीच भांडण न्हाई. सातबारा साफ हाय."

तेवढ्यात तिचे चुलते व्यंकटकाका उठले. "आमच्या रानात आमराई हाय. लई जुनी."

"काका, आपल्यात आंबा कुठंय? एक बाभूळ हाय."

"तू गप बैस. मोठ्या मान्सात काय बोलायलीस?"

मागे बसलेल्या रुक्मिणबाईंनी तर कोरड्या विहिरीच्या आपल्या रानाला बोलता बोलता बारमाही पाणी आणलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "दीपाली, तू लिहिलंस ते गाव हेच ना?"

दीपालीला स्वतःचीच शंका यायला लागली. ऐकलेलं खरं, का आपणच मनानं रचलं?

"एक इचारू का मॅडम?" रुक्मिणबाई म्हणाल्या. "मोजनीवाले कधी येतेत?"

"कसली मोजणी?"

"रस्त्याची. आमच्या रानातून रस्ता चाललाय न्हवं? एकरी भाव काय धरलाय?"

आता कुठे दीपालीच्या डोक्यात उजेड पडला. भोंग्यावरून ती 'शेताची माहिती' म्हणाली अन् गावाने रस्त्याची भरपाई ऐकली.

"मी नावं ऐकायला आलेय," मॅडम म्हणाल्या.

"नावं सातबाऱ्यावर हायत की."

"शेतांची नावं."

"अन् त्येचे पैसे कुनाला?" काकांनी विचारलं.

"कुणालाच न्हाई," दीपाली कशीबशी बोलली. "पाट्यांना अन् रेकॉर्डिंगला."

लोक धोतर झटकत उठायला लागले.

"व्यंकट," पिराजी आबा चपला शोधत म्हणाले, "जाता जाता तुझ्या आमराईतले दोन पाडाचे आंबे तरी धाड."

पार हसला. काका तापले. "अन् तुमच्यात भांडण न्हाई, तर बजरंगआबा त्या टोकाला का बसलेत?"

टोकाकडून बजरंगआबा, पिराजींचे धाकटे भाऊ, गरजले, "तूर मी आधी पेरली हुती."

"आधी? माझी ज्वारी गुडघ्याएवढी हुती तवा तू बी आनायला गेलतास."

उठलेले लोक पुन्हा खाली बसले. ज्वारी आधी का तूर, यावर रुक्मिणबाई साक्ष द्यायला लागल्या, साक्षीतून सासूचं रान निघालं, त्यातून रेडा. मॅडमनी फोन कधी समोर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं, ते दीपालीलाही कळलं नाही.

निघताना मॅडमनी विचारलं, "व्यंकटरावांच्या शेताचं नाव काय?"

"कालपरेंत खडकाळी," रुक्मिणबाई म्हणाल्या. "आजपून बिनआंब्याची आमराई."

मॅडम दीपालीकडे वळल्या. "खर्चात एक पाटी वाढवून धर."

म्हणजे निधी मिळाला? दीपाली विचारणार, तोच काका कानाशी येऊन म्हणाले, "ती पाटी लागली तर घरी जेवायला येऊ नको."

ती एकदा मॅडमच्या गाडीकडे बघत राहिली, एकदा काकांकडे. हसावं का रडावं, तिला काही ठरवता येईना.