सरसकट सौ.

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन गुरुदास तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून आले आणि गावातली माणसं त्यांना अडाणी वाटू लागली. तशी ती आधीही वाटायचीच, आता नुसतं सर्टिफिकेट मिळालं. २००७च्या संक्रांतीला त्यांनी सोसायटीतर्फे हळदीकुंकू ठरवलं. तिळगूळ हे निमित्त. डोळा होता झेडपीच्या तिकिटावर, आणि तिकीट देणाऱ्या पुढाऱ्यांच्या बाईसाहेब स्वतः येणार होत्या. मंडप भरलेला दिसला की काम फत्ते.

सभासद बायकांची यादी कॉम्प्युटरात होतीच. पत्राला मेल मर्ज लावला की एकेकीच्या नावाचं निमंत्रण आपोआप छापून निघणार. निघाली ती इंग्रजी अक्षरं, आडव्या रेघा आणि डॉलरची चिन्हं. यादी मराठी फॉन्टात आणि पत्रातली फील्डं इंग्रजीत, म्हणून हा घोळ. नावाच्या फील्डला मराठी फॉन्ट लावल्यावर नावं ताळ्यावर आली, पण त्याआधीचं फील्ड काही केल्या सुधरेना. सौ., श्रीमती, कुमारी, सगळ्यांचा एकच चिवडा. जेवणाची वेळ टळली तशी साहेबांची विद्वत्ता आटली. त्यांनी ते फील्डच उडवलं आणि पत्रात सरसकट 'सौ.' टाईप करून टाकलं. विधवांना गाळायचं ते याच फील्डवरून, हेही भुकेपोटी विसरले. शिवाय मासे विकणाऱ्या बायकांना वाचता कुठं येतंय!

मंडप भरला. बाईसाहेब कुंकवाचा करंडा घेऊन उठल्या, तर रांगेत सगळ्यात पुढे गोदूबाई. त्यांचा नवरा सहदेव चार वर्षांपूर्वी होडी उलटून गेला. तेव्हापासून त्यांना कुणी कसल्या शुभकार्याला हाक मारली नव्हती. आज त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, निमंत्रण हातात धरून आल्या होत्या.

गुरुदास धावले. "गोदूकाकी, तुमका ह्यां चुकान इला. कॉम्प्युटराची चूक."

"कॉम्प्युटराक माझो घोव मेलेलो ठावक नाय," गोदूबाई म्हणाल्या. "तुका ठावक आसा. तू खांदो दिलं होतंस. नातवाकडसून दोनदा वाचून घेतलंय, खाली सही तुझी. मी जातंय परत. पण चूक तुझी, तां माइकार सांग."

जरा अक्कल असलेला माणूस हात जोडून गप्प बसला असता. गुरुदासांनी माइक घेतला आणि कचेरीतला आवाज काढला. "तांत्रिक कारणामुळे काही अपात्र महिलांना निमंत्रणं गेली आहेत. त्यांनी कृपया बाहेर जावं."

गोदूबाई वळल्या. मग मागून शिवाची बायको सलोनी उठली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं आणि डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल.

"चेअरमन, माझो घोव काल होडयेन गेलो, तो अजून इलो नाय," ती म्हणाली. "मी पात्र काय अपात्र, तां सांगा."

गुरुदासांनी बाईसाहेबांकडे पाहिलं. त्या करंड्याचं झाकण लावत होत्या. सलोनीनं जाऊन गोदूबाईंचा हात धरला आणि दोघी बाहेर निघाल्या. तिच्यामागून एकेक बाई उठली. प्रत्येकीचं कुणी ना कुणी दर्यावर होतं.