उजवा कान

"ढकल आत. मी सांगेन तेव्हा काढ," सासूबाई म्हणाल्या, आणि मी पहिला ट्रे भट्टीत सरकवला.

असे चार ट्रे भाजायचे होते. चारही जोडून एकच केक, आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा. समोरच्या शिंप्याची मुलगी आज सहा वर्षांची होत होती. मागचं अख्खं वर्ष तिनं अंथरुणात काढलं होतं. आता भिंतीला धरून का होईना, चालायला लागली, म्हणून शिंप्यानं तिची सगळी शाळाच घरी बोलावली होती. साठ मुलं. "पण केक एकच हवा, काकू," तो बजावून गेला होता. "पोरीनं साठ जणांत एकच केक मागितलाय."

एकतीस वर्षं सासूबाई घरामागच्या या भट्टीत केक भाजत आल्या. घड्याळ नाही, सळई नाही. ट्रे भट्टीच्या तोंडाशी ओढायचा, वाकायचं, आणि उजवा कान केकजवळ न्यायचा. त्या कानात डूल नसायचा. तापलेलं सोनं चटका देतं, म्हणून त्यांनी तो काढून बेकिंग पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवला होता. डाव्या कानातला मात्र कायम डुलत असायचा. सासरे होते तोवर म्हणायचे, "आमची ही निम्मीच नटते. उरलेली निम्मी भट्टीला दिलीय."

आठ वर्षं मी हे बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते नाटक वाटायचं. केक काय बोलतो, कप्पाळ?

त्या वाकल्या. ऐकलं. जरा जास्तच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "काढ."

टेबलावर ठेवला तेव्हा केक कसा सोनेरी, भरदार दिसत होता. आम्ही दुसऱ्या ट्रेचं मिश्रण फेटायला घेतलं, तेवढ्यात त्यानं मध्यावर मान टाकली. बघता बघता खड्डा पडला. बोट लावलं, तर आत नुसता चिखल.

"अंडी लहान होती आजची," मी म्हटलं. "नाहीतर भट्टीच..."

त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. हल्ली त्या अशाच बघायच्या. दाराची कडी वाजली तरी मलाच सांगावं लागायचं. सगळं मला त्या एका क्षणात उमगलं.

"अंड्यांना कशाला बोल लावतेस?" त्या म्हणाल्या. "तो बोलत असणार. मलाच ऐकू आलं नाही. वर्ष झालं. लहान केक अंदाजानं निभायचे. वाटलं, हा एवढा होईल."

"आई, सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही मला भट्टीपुढून उठवलं असतं."

एका ट्रेचं सामान त्या नेहमी जास्तीचं घेत. ते या बसलेल्या केकमध्येच गेलं होतं, आता एकही ट्रे बिघडून चालणार नव्हता. साडेदहा वाजले होते, चारला मुलं येणार होती.

"तू ऐक," त्या म्हणाल्या.

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"शेजारणीशी मी तुझ्याबद्दल बोलते, ते तर तीन खोल्यांपलीकडून ऐकतेस."

मला हसू फुटलं. त्यांनाही. मग त्या माझ्याजवळ सरकल्या. "बाई वर्गाबाहेर गेल्या की पोरं कशी कुजबुजतात, तसं असतं बघ. सगळी बोलताहेत तोवर कच्चा. सगळी गप्प झाली की कोरडा, हातचा गेला. दोघं-तिघंच उरली की काढायचा. आणि मध्यावर ऐक, कडा लवकर गप्प होतात."

दुसरा ट्रे तोंडाशी ओढून मी वाकले आणि चटका बसून मागे झाले. सासूबाईंनी माझ्या उजव्या कानातला डूल काढला आणि मुठीत धरला.

मी पुन्हा वाकले.

आधी नुसती धग. मग धगीच्या आतून, खोलवरून, बारीक बारीक काहीतरी. पीठ, अंडी, साखर, लोणी, मी माझ्या हातांनी फेटलेलं, आणि ते बोलत होतं. एक नाही, हजार तोंडांनी. कडेची तोंडं मिटत होती, मधली अजून काही सांगत होती. एकतीस वर्षं ही बाई रोज हे ऐकत होती, आणि आम्ही घरातली माणसं हसत होतो.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"खूप जण आहेत, आई. थांबा."

त्या थांबल्या. चारही ट्रेंना थांबल्या. एकही बसला नाही.

चारला शिंप्याच्या घरी पोरांनी नुसता गोंधळ मांडला होता. चौघांनी फळीवरून केक आत आणला, पांढऱ्या क्रीमनं माखलेला, दारातून जेमतेम मावलेला, आणि साठ तोंडं उघडी ती उघडीच राहिली. शिंप्याच्या मुलीचा भिंतीवरचा हात सुटला, ते तिलाही कळलं नाही.

सासूबाई माझ्या बाजूला उभ्या होत्या. "गप्प झाली का गं?"

मी कान दिला. "दोघं-तिघं कुजबुजताहेत अजून."

"मग बरोबर आहे. काप म्हणावं तिला."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. आज त्यांच्या दोन्ही कानांत डूल होते, उजव्यात तो डब्यातला. उजव्या पाळीचं भोक बुजत आलं असावं. तिथं रक्ताचा एक बारीक थेंब सुकला होता.