रक्कियाच्या यादीतले अकरावे ठिकाण

भट्टी उघडली तेव्हा आत आम्ही चौसष्ट जणी होतो. एकसष्ट शाबूत, दोघींना तडा गेलेला आणि एकीचा कान गळून पडलेला. शाबूत एकसष्टांतली मी एक. आम्हाला तंजिया म्हणतात: मातीची उभट बरणी, पोट फुगीर, मान आखूड, उचलायला दोन कान. मित्रांनो, मराकेश शहरात माझा जन्म झाला त्याला आता तेहेतीस वर्षे होतील. या वर्षांत मी चुलीवर एकदाही चढलेले नाही.

माझा मालक बूजमा चामड्याच्या सपाता शिवतो. शुक्रवारी त्यांचा बाजार बंद असतो. त्या दिवशी सकाळी तो मला खाटकाकडे नेई. मांस, लसूण, जिरे, केशर, मुरलेले लिंबू, जुने खारे तूप, अर्धी वाटी पाणी. एवढे माझ्या पोटात गेले की तोंडावर जाड कागद बांधला जाई. मग हमामची भट्टी. वर बायाबापड्यांच्या अंघोळीचे पाणी तापते, खाली त्याच भट्टीच्या गरम राखेत आम्ही तंजिया गळ्यापर्यंत पुरलेल्या असतो. सहा तासांनी बूजमा आणि त्याचे चार मित्र मला घेऊन ऑलिव्हच्या बागेत जात आणि बोटांनी खात. कौतुकही होई. एकदा पाचही जणांनी बोलणे थांबवून खाल्ले होते. माझ्या मते ते सर्वांत मोठे कौतुक.

तंजिया पुरुषांनी भरायची आणि पुरुषांनीच बागेत खायची, अशी इथली रीत. तिचे कारण मी कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही. शोधत मात्र असते.

मग दिवस पालटले. चार मित्रांपैकी दोघे वारले, एक मुलाकडे दूर राहायला गेला, चौथ्याला डॉक्टरने मांस बंद केले. मी दुकानाच्या फळीवर चढले. चार वर्षे माझ्या पोटात आरी आणि दाभण राहिले. त्याआधी एकदा एका शेजाऱ्याने चांगल्या मनाने मला साबणाने घासले. मित्रांनो, माती जे पिते ते विसरत नाही. पुढच्या खेपेला माझ्यातल्या रश्शाला फेस आला होता.

गेल्या जूनमधल्या एका शुक्रवारी सकाळी बूजमाची थोरली बहीण रक्किया कासाब्लांकाहून आली. लग्न होऊन गेल्यापासून ती मराकेशला यायची ती लग्नांना नाहीतर मयतांना, आणि यायची ती घरात बसायला. या वेळी ती नुसती फिरायला आली होती. संध्याकाळी पाचच्या गाडीने परत जायचे होते. तिच्या हातात एक कागद होता आणि त्यावर अकरा ठिकाणे लिहिलेली होती.

"हे काय ताई, सरकारी अर्ज आहे का?" बूजमाने विचारले.

"तुम्ही सगळे भाऊ अब्बांबरोबर फिरून यायचात आणि घरी येऊन सांगायचात. आज हे खाल्लं, आज ते पाहिलं. सगळं पाठ आहे माझं. आज एकेक खरं की खोटं बघायचंय."

बूजमाने कागद वाचला. अकराव्या ओळीवर तो थांबला. "बागेत बसून गरम तंजिया? ताई, ती पुरुषांची..."

"आम्हाला काय मिळायचं आठवतं तुला?"

"आणायचो की आम्ही तुमच्यासाठी."

"रश्शात बुडवलेली भाकरी. थंड. आण ती बरणी खाली."

अशी मी फळीवरून उतरले. आरी आणि दाभण डब्यात गेले, मला नुसत्या पाण्याने धुतले गेले, आणि साडेआठ वाजता खाटकाने माझ्यात दोन किलो मांस भरले. मसाला रक्कियाने घातला. बूजमा प्रत्येक चिमटीला "बास, बास" म्हणत होता आणि ती प्रत्येक चिमटीनंतर आणखी अर्धी चिमूट घालत होती.

तिथून भट्टी सात मिनिटांच्या वाटेवर आहे. आम्ही पोहोचलो अकरा वाजून वीस मिनिटांनी.

दोष कुणाचा, ते मी बूजमाच्या काखेतून पाहिले आहे. वाटेत यादीतली सात ठिकाणे होती. कढईतून काढलेले मधोमध भोक असलेले वडे तिने उभ्याउभ्या तीन खाल्ले आणि चौथा माझ्या कानात अडकवला. रंगाऱ्यांच्या गल्लीत दोऱ्यांवर टांगलेल्या ओल्या लोकरीखाली ती मुद्दाम दोनदा गेली, आणि तिच्या पांढऱ्या रुमालावर केशरी रंगाचे पाच थेंब पडले. ते तिने कौतुकाने मोजले. चौकात तिने संत्र्याचा रस तीन वेगवेगळ्या गाड्यांवर प्यायला.

"एका गाडीवर पोट भरत नाही का तुझं?"

"तुलना कशी करणार मग? मधला सगळ्यात गोड. पहिल्याने पाणी घातलंय."

पहिल्या गाडीवाल्याने ते ऐकले. "मावशी, पाणी नाही, बर्फ वितळलाय."

"म्हणजे पाणीच की, बाळा," ती म्हणाली. तोही हसला आणि त्याने तिला बर्फ न घालता आणखी एक पेला दिला. अशा रीतीने तिनाचे चार झाले.

भट्टीवर बा अल्लाल असतो. सत्तरी उलटलेला, राखेने भुवया कायम पांढऱ्या. रक्किया मला दोन्ही कानांनी धरून पायऱ्या उतरली तेव्हा त्याने फावडे खाली ठेवले.

"पन्नास वर्षांत इथे बाईमाणूस तंजिया घेऊन आलेलं नाही."

"मग आता मोजायला लागा, बा. ही पहिली."

त्याने मला हातात घेतले, वजन अजमावले, कागदाची गाठ पाहिली. "गाठ बरी बांधलीये," तो बूजमाला म्हणाला.

"तिनेच बांधलीये."

"वाटलंच. तुझी कायम सैल असते." मग त्याने वर टांगलेल्या घड्याळाकडे पाहिले. "साडेपाचच्या आत होणार नाही."

रक्किया माझ्या कानातला वडा संपवून, तेल बोटांवरून पुसत बाहेर गेली होती. बूजमा हळूच म्हणाला, "बा, तिची गाडी पाचला आहे. जाळाजवळ ठेवा ना, लवकर होईल."

"लवकर जळेल."

"निदान बघा तरी."

बा अल्लालने मला नेहमीच्याच जागी पुरले, आणि दर तासाला पाव फेरा फिरवले. कान राखेत तापतात, म्हणून तो मला कानांऐवजी मानेला धरतो. उरलेली तीन ठिकाणे ती दोघे माझ्याविना फिरली. ती मी पाहिलेली नाहीत, म्हणून सांगत नाही.

चार वाजता ती दोघे परत आली. रक्कियाच्या अंगाला जिरे आणि पुदिना यांचा वास होता. बा अल्लालने मला राखेतून उपसले आणि स्वतःच्या कानाशी नेऊन हलवले. मांस शिजले की हाड सुटते आणि माझ्या भिंतीवर आपटते. तो ठक आवाज आला की तंजिया झाली. त्याने दोनदा हलवले. आवाज आला नाही.

"झाली नाही," तो म्हणाला.

बूजमा कपाळाला हात लावून उभा राहिला. "माझीच चूक. सकाळीच सांगायला हवं होतं तुला. ताई, असं करू, तशीच घेऊन जा. उद्या घरी कुकरला लाव, दोन शिट्ट्यांत..."

"कुकर?"

बा अल्लालने नजर दुसरीकडे वळवली.

"आयुष्यभर ऐकत आले मी," रक्किया म्हणाली. "झाडाखाली बसायचं, गरम राखेतून काढलेली, बोटं भाजायची, वगैरे वगैरे. दहा ठिकाणं झाली माझी, बूजमा. दहाही खरी निघाली. आणि अकरावं मी कुकरमधून खाऊ?"

"मग गाडी?"

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. मग फोन काढून तिने नवऱ्याला लावला. पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. तो विचारत होता की मग रात्री मी काय जेवू.

"खालच्या कप्प्यात मसूर आहे. गरम करून घ्या. अहो, गॅसवर, दुसरं कशावर? मी नऊच्या गाडीने निघते. का म्हणजे? जेवायला थांबलेय."

फोन ठेवून ती बा अल्लालला म्हणाली, "ठेवा परत आत." आणि बूजमाला म्हणाली, "तहराला बोलाव."

तहरा म्हणजे बूजमाची बायको.

"तहरा? तिने कधी मागितली नाही."

"पस्तीस वर्षं झाली लग्नाला. तू कधी विचारलंस?"

बूजमा तिला बोलवायला निघाला. तो पायऱ्या चढून गेला. बा अल्लालने माझ्या भोवती राख ओढली आणि रक्कियाला बसायला पालथी बादली दिली. तिने त्याला राखेविषयी, लाकडाविषयी, तंजिया कुठे किती खोल पुरायची याविषयी इतके प्रश्न विचारले की शेवटी तो अदबीची हाक मारत म्हणाला, "लाल्ला, माझी जागा घ्यायचा विचार आहे का?"

"पगार काय देता?"

पावणेसहाला त्याने मला पुन्हा हलवले. ठक. मग त्याने मला तिच्या कानाशी धरले आणि आणखी एकदा हलवले. ठक.

मित्रांनो, मातीच्या भांड्याची काळजी कशी घ्यावी असे मला कुणी विचारले, तर मी एवढेच सांगेन: पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, दाभण ठेवायला दुसरे काही शोधा, आणि भूक लागलेल्या कुणालाही माझ्यापासून दूर बसवू नका. फळीवर आम्हाला तडे जात नाहीत, पण आमचा वास निघून जातो.

बागेत ऊन अजून तिरपे येत होते. तहरा घरची भाकरी फडक्यात बांधून घेऊन आली होती आणि वाटभर म्हणत होती की मला काही भूक नाही. झाडाखाली चटई पसरली. बूजमाने दोरी कापली, कागद काढला आणि मला परातीवर उपडे केले. वाफ वर गेली. रक्कियाने पहिल्या तुकड्याला हात लावला, चटका बसला, तिने बोट तोंडात घातले आणि पुन्हा हात घातला.

"मीठ बरोबर आहे?" बूजमाने विचारले.

"गप्प बस जरा," त्या दोघी एकदम म्हणाल्या.

त्यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही. ऊन परातीच्या काठावरून खाली सरकले.

रक्कियाने नऊ तुकडे खाल्ले, तहराने आठ, बूजमाने दोन.