ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा

गाडीच्या तळाला आतून चिकटलेलं डांबर काढायचं तर ते तापवायचं नाही, गारठवायचं. ही अक्कल ठकीला आली ती हातांना, केसांना आणि एकदा तर चहाच्या कपालाही डांबर फासून झाल्यावर. तापवलं की ते लोंबत राहतं, सुटता सुटत नाही. कोरड्या बर्फाचे खडे पसरून ठेवले, की मात्र हातोडीच्या एका टोल्यात त्याचे खळकन तुकडे होतात. फक्त गाडीची चारही दारं सताड उघडी ठेवायची, नाहीतर बर्फाच्या धुरानं आपलाच जीव गुदमरायचा.

गाडी नर्सबाईंची होती, चांगली जुनी. कारखान्यातून निघताना तळाच्या पत्र्यावर हे डांबराचे जाड थर चिकटवतात, चालताना पत्रा थरथरून आतल्यांचे कान किटू नयेत म्हणून. पुढे वर्षानुवर्षं त्याच थराखाली पाणी मुरत राहतं आणि गाडीत बसलं की ओल्या पोत्यात बसल्यासारखा वास येतो. नर्सबाई त्या वासाला कंटाळल्या होत्या. रोज मागच्या सीटवर दोन लेकरं घालून त्या पाळणाघर गाठायच्या, तिथून दवाखाना. संध्याकाळी गाडी हवीच, असं सकाळीच बजावून गेल्या होत्या.

दुपारपर्यंत ठकीनं सगळं डांबर उडवलं, उरलेला चिकटा रॉकेलच्या बोळ्यानं पुसला आणि बापाला हाक मारली. तिचा बाप म्हणजे गॅरेजचे मिस्त्री. ते पत्रा डोळ्यांनी तपासत नसत, कानांनी तपासत. छोटी हातोडी घेऊन वीत वीत अंतरावर टोला मारायचा. पत्रा धड असला तर टणकन वाजणार, आतून सडलेला असला तर थपकन बद्द वाजणार. स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा टोचून बघणाऱ्या कारागिरांना ते आंधळ्या उंदरांची जमात म्हणत आणि या गॅरेजात टोचाटोचीला सक्त मनाई होती. सगळ्या रस्त्यावर मिस्त्रींच्या कानाचा बोलबाला होता. घरी आई मात्र म्हणायची, "यांना हवं तेवढंच ऐकू येतं."

मिस्त्री गुडघ्यांवर बसले आणि हातोडी चालू लागली. टण, टण, टण. ड्रायव्हरची सीट जिथे बोल्टांनी आवळतात, तिथे हातोडी पडली आणि आवाज आला थप. मिस्त्री पुढे सरकले. टण, टण.

ते थांबतील म्हणून ठकी वाट बघत राहिली. ते थांबले नाहीत, उलट शेवटचा टोला मारून त्यांनी हात झटकले.

"ठणठणीत आहे. रंग मार नि सीट बसव."

आपल्यालाच भास झाला असेल, असं तिनं मनाला समजावलं. खाली डांबराचा एखादा पापुद्रा राहिला असेल, त्यानं आवाज दबला असेल. बाबा चहाला गेल्यावर तिनं ती जागा पुन्हा खरवडली, पत्रा चकचकीत केला आणि स्वतः टोला मारला. थप. बाजूला मारला, टण. परत तिथेच, थप. सीटच्या बोल्टाखालचा पत्रा सडलेला असेल, तर एखाद्या दिवशी कचकन ब्रेक दाबताच सीट बाईंसकट उखडून पुढे जाणार होती.

पण बाबांना हे ऐकू कसं आलं नाही?

ते परत आले आणि पाठमोरे उभे राहून नट आवळायचे पाने पुसू लागले. ठकी मागून हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्या खिशातून पाकीट पडलं."

खिसा चाचपायला हात काही गेला नाही. पाने पुसणं चालूच राहिलं. तिनं जरा मोठ्यानं म्हटलं, तरी तेच. मग ती वळसा घालून त्यांच्या समोर गेली आणि तेच वाक्य बोलली. मिस्त्रींनी तिच्या ओठांकडे बघितलं, लगेच खिसा चाचपला आणि म्हणाले, "आहे की! बापाची चेष्टा करतेस काय गं, ठके?"

ती कशीबशी हसली. ज्या कानावर या गॅरेजचं सगळं उभं होतं, त्याच कानाबद्दल बापाला विचारायचं कोणत्या तोंडानं? न विचारावं तर नर्सबाई संध्याकाळी किल्ली फिरवून निघून जाणार. तिला बापाची दया येत होती आणि त्याचा राग येत होता, दोन्ही एकदमच. तिनं रंगाचा डबा उघडला, बंद केला, परत उघडला. त्या जागेला काही ब्रश लावला नाही.

नर्सबाई आल्या त्या घाईतच. मिस्त्री त्यांना आत वाकवून मोकळा पत्रा दाखवत होते. "सीट बसवली की झालं, बाई. पत्रा एकदम कडक. आता दहा वर्षं बघायला नको."

"बाबा, सीटखाली बद्द वाजतंय," ठकी त्यांच्या पाठीमागून म्हणाली. आवाज मुद्दाम खालीच ठेवला होता, चारचौघांत बापाचा शब्द खोडायची सवय नव्हती.

मिस्त्री हसतमुखानं पुढचं बोलतच राहिले. नर्सबाईंनी मात्र चमकून तिच्याकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे, मग परत तिच्याकडे. बाई दवाखान्यातल्या, त्यांना काय ते एका क्षणात उमगलं. बापाच्या डोक्यावरून दोन बायकांची अशी नजरानजर झालेली ठकीला सहन होईना. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. ती तडक पुढे आली आणि समोर उभी राहून ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "पत्रा सडलाय, बाबा."

"छे! मी स्वतः वाजवलाय."

तिनं खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, त्या जागेवर टेकवला आणि जोर दिला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा भोकातून गॅरेजची फरशी दिसत होती.

मिस्त्री वाकले. त्यांनी त्या भोकात बोट घालून कड चाचपली, तर पत्र्याचा भुगाच हातात आला. नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "गाडी राहू दे, मी टॅक्सीनं जाते," आणि जाताना ठकीच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

मग मिस्त्री टायरवर बसले. "उजवा कान मागल्या वर्षीच गेला. वाटलं, डाव्यावर भागेल. कानाचा बोलबाला आपला, सांगणार कुणाला?"

ती त्यांच्याशेजारी बसली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवावा असं तिच्या फार मनात होतं. पण दुपारपासून जी भीती ती नर्सबाईंच्या एका गाडीपुरती धरून बसली होती, ती आता पसरत चालली होती. तिच्या तोंडून निघालंच, "मग या वर्षभरात ज्या गाड्या तुम्ही पास केल्या, त्या?"

मिस्त्री समोर बघत राहिले. ऐकू गेलं नसेल म्हणून ती त्यांच्या डाव्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं विचारू लागली.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच ऐकलं मी."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि तिच्या हातात दिला. बोटांना अजून गंज लागलेला होता.

"एकेकाला फोन लाव. गाडी चालवू नका म्हणावं, आहे तिथे उभी करा. कारण विचारलं तर खरं तेच सांग." त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "मीच बोललो असतो, पण पलीकडचा काय म्हणतो ते मला कळायचं नाही."

ठकीनं पहिला नंबर लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना.