पहिली चार, शेवटची चार

मासेवाले जिना चढले ते ओरडतच. "चोर आहात तुम्ही! दरोडेखोर!" सुरुवात त्यांनी खालच्या दारापासूनच केली होती, पण ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि गृहस्थ अंगाने भरलेले. वहिनींच्या टेबलापाशी पोचेपर्यंत 'दरोडेखोर' खालच्या मजल्यावर राहिला आणि तोंडात "पाणी..." एवढाच शब्द उरला.

वहिनींनी पाणी दिलं. मासेवाल्यांनी ग्लास रिकामा केला, टेबलावर आपटला आणि राहिलेलं पूर्ण केलं. "दरोडेखोर!"

"बसा," वहिनी म्हणाल्या.

हे मासे कढईतले नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं. कुणी तसं समजलं की मासेवाल्यांचा पारा चढतो. काचेच्या टाकीत सोडायचे, नखाएवढे, माणसाच्या बापजन्मी अंगावर आले नसतील अशा रंगांचे मासे ते स्वतः वाढवतात आणि परदेशातल्या शौकिनांना विकतात. शौकीन पैसे क्रिप्टोत देतात. ते गोळा करायचे, आपली दलाली कापून घ्यायची आणि बाकीचे मासेवाल्यांच्या वॉलेटमध्ये पोचते करायचे, हे या ऑफिसचं काम. थोडक्यात, दोघांच्या मध्ये बसून दोघांनाही "निर्धास्त राहा" म्हणायचं, असा हा धंदा.

"अख्ख्या हंगामाचे पैसे," मासेवाले म्हणाले. "तुमच्याकडे 'पाठवले' असं दिसतंय. माझ्याकडे खडखडाट. मधल्या मध्ये गेले कुठे?"

आतल्या खोलीचं दार उघडून भावजी बाहेर आले. हे वहिनींचे धाकटे दीर आणि ऑफिसचे मालक. निदान पाटीवर तरी. भांडवल अर्धं वहिनींचं होतं, पण पाटीवर दोघांची नावं मावत नव्हती, असं पाटी करणारा म्हणाला होता. त्याला तसं म्हणायला कुणी सांगितलं, हे वहिनींनी कधी विचारलं नाही.

"साहेब, आमच्याकडून पैसे गेलेत," भावजी शांतपणे म्हणाले. "नोंद उघडी आहे. जगात कुणीही बघावी."

"कुणाला गेले?"

"तुम्हाला."

"मग मी कोण आहे?"

भावजींनी खुर्ची पुढे ओढली, डॉक्टर वाईट बातमी सांगताना झुकतात तसे झुकले आणि आवाज खाली आणला. "तुमच्या खात्यात शिरून कुणीतरी वॉलेटचा पत्ता बदललेला असणार. पासवर्ड आणखी कुणाकडे आहे?"

मासेवाल्यांनी रिकामा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

"जावयाकडे," ते म्हणाले. "कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो. मला कुठलं येतंय."

"मी काही म्हणत नाही हं," भावजी म्हणाले. "पण अशा प्रकरणांत बहुतेक वेळा घरचाच माणूस निघतो."

"पोरगा चांगला आहे हो."

"असेलच की. त्याचं नवीन काही चाललंय का? घर, गाडी?"

मासेवाल्यांच्या कपाळावर घाम आला. "घर बघतायत. मुलगीच म्हणाली परवा." ते उठले. "एक फोन करून येतो." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मग इथूनच पोलिसांत जातो."

ते जिन्यावर गेले. भावजींनी रुमालाने मान पुसली आणि आत निघून गेले.

वहिनींना मात्र त्या "असणार"ने कुठंतरी टोचलं. भावजी "असणार" म्हणणाऱ्यांतले नव्हेत. उद्या पाऊस आहे म्हणजे आहे, बाजार चढणार म्हणजे चढणार. चुकले तरी ठणकावून चुकायचे. अशा माणसाला आज अंदाज का बांधावा लागतोय?

त्यांनी मासेवाल्यांचं खातं उघडलं. वॉलेटचा पत्ता, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ, जो होता तोच होता. पहिल्या दिवसापासून त्याला कुणी बोट लावलं नव्हतं. मग त्यांनी पैसे गेले तो पत्ता काढला आणि बघितला. सुरुवात तीच, शेवट तोच. म्हणजे पैसे बरोबर गेले. म्हणजे मासेवाले खोटं बोलतायत. पण हा माणूस धापा टाकत तीन मजले चढून ओरडायला आला होता, आणि एवढं नाटक येत असतं तर त्याने मासे कशाला विकले असते?

त्यांनी दोन्ही पत्ते मोठ्या अक्षरांत छापले, कागदावर कागद ठेवला आणि खिडकीच्या काचेला लावून धरला.

उजेडात पहिली चार अक्षरं एकमेकांवर चपखल बसली. शेवटची चारही बसली. मधे सगळी गिचमीड होती. आठवर तीन, बीवर नऊ, जणू दोन माणसं एकाच वेळी तावातावाने बोलतायत.

पासवर्ड नाही, जावई नाही. घोटाळा याच खोलीत झाला होता, आणि तो झाला होता त्यांनीच घातलेल्या पद्धतीमुळे.

ऑफिसातून मोठी रक्कम पाठवायची तर तीन चाव्या असत. चावी म्हणजे बोटाएवढं यंत्र. एक भावजींकडे, एक वहिनींकडे, एक काकांकडे. काका म्हणजे हिशेबनीस, बँकेतून निवृत्त झालेले, जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासून स्वतःची सही करायला घाबरणारे. तिघांपैकी कुणीही दोघं चावी लावून बटण दाबतील तेव्हा पैसे हलत. एकट्याच्या हाताला काही लागू नये, म्हणून ही व्यवस्था. जाहिरातीतही मोठ्या टाइपात छापलेली. पण पत्ता चाळीसच्या वर अक्षरांचा. सुरुवातीला भावजी तो पूर्ण वाचत, तेव्हा त्यांचा घसा बसे आणि काकांचा डोळा लागे. शेवटी वहिनींनीच नियम करून टाकला: पहिली चार वाचा, शेवटची चार वाचा, मधलं कोण बघतंय! तेव्हापासून काम चुटकीसरशी व्हायला लागलं. भावजी वाचत, काका "बरोबर" म्हणत, आणि भावजींच्या पाठोपाठ वहिनी शेवटचं बटण दाबत. प्रत्येकाला वाटे, बाकीच्या दोघांनी नीट बघितलंय.

अशा ऑफिसांत मधलं कोणीच बघत नाही, हे बाहेर कुणाला तरी पक्कं माहीत होतं. त्याने उघड्या नोंदीतून मासेवाल्यांचा पत्ता हेरून दोन्ही टोकं जुळतील असा पत्ता तयार केला होता आणि त्यावरून आदल्या दिवशी चिल्लर पाठवून ठेवली होती, म्हणजे ऑफिसच्या देवघेवीच्या यादीत तो अगदी वर दिसावा. मासेवाल्यांच्या खात्यातून पत्ता घेण्याऐवजी कुणीतरी यादीतला वरचा उचलला. उचलायचं काम भावजींचं. आणि शेवटचं बटण...

बटण वहिनींनी दाबलं होतं.

त्या कागद घेऊन आत गेल्या. काका कोपऱ्यात पेन्सिलीला टोक करत होते. वहिनींनी कागद भावजींच्या खिडकीला लावले. भावजींनी बघितलंच नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"आणि तुम्ही त्या माणसाला जावयाकडे बोट दाखवलंत?"

"मी कुठे बोट दाखवलं? मी विचारलं फक्त." भावजी उठले, दार लावलं. "वहिनी, जरा डोकं ठेवून ऐका. हे बाहेर फुटलं तर संध्याकाळपर्यंत सगळी गिऱ्हाइकं जातील. आपल्या दुकानात माल काय आहे सांगा? विश्वास. तेवढाच माल. त्याला भोक पडलंय म्हणून कोणता दुकानदार बोंबलत सुटतो? मला दोन दिवस द्या. मी माणसं लावलीत. पैसे मागे आणता येतील."

"येतील?"

"येतीलही."

"पुन्हा अंदाज."

"मग काय करू? गंगाजळी रिकामी करून त्यांच्या हातावर ठेवू? त्यात तुमचेही पैसे आहेत, वहिनी. विसरू नका."

"विसरले नाहीये. म्हणूनच त्यांच्या हातावर ठेवायचे."

"मी चावी लावणार नाही."

"लावू नका," वहिनी म्हणाल्या. "दोन पुरतात."

दोघांनीही काकांकडे बघितलं. काकांनी पेन्सिलीला इतकं टोक केलं होतं की धरायला पेन्सिलच उरली नव्हती.

"माझा पगार तुम्ही देता," काका भावजींना म्हणाले. मग वहिनींकडे वळले. "आणि त्या दिवशी 'बरोबर' मी म्हणालो होतो. तेव्हा मी काय बघत होतो, सांगू? भिंतीवरची पाल." ते उठले आणि खिशात चावी शोधू लागले. ती सापडायला वेळ लागला. तेवढ्या वेळात भावजी दोनदा "काका" म्हणाले, एकदा हुकमाने आणि एकदा विनवून. काकांनी चावी काढली. "नोकरीचं नंतर बघू. पण या वेळी अख्खा पत्ता वाचायचा. तोही त्यांच्यासमोर."

वहिनी जिन्याकडे धावल्या. मासेवाले पायरीवर बसले होते, फोन मांडीवर.

"थांबा, बोलू नका मुलीशी!"

"झालं बोलून," ते म्हणाले. "म्हटलं, नवऱ्याला विचार, बापाचे पैसे कुठे लपवलेत. तिच्या मागे तो होता, ऐकत. मग तिने फोन ठेवला." त्यांनी वर बघितलं. "पोलीस चौकी कुठल्या बाजूला आहे हो?"

वहिनींनी कठडा घट्ट धरला. "जावयाने काही केलेलं नाही. आमच्या हातून चुकीच्या पत्त्यावर गेले. म्हणजे माझ्या हातून. वर चला."

मासेवाले वर आले. आता ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. वहिनींनी कागद काचेला लावून त्यांना सगळं दाखवलं. त्यांना त्यातलं कितपत कळलं कुणास ठाऊक, पण गिचमीड कळली.

मग वाचन सुरू झालं. वहिनी ऑफिसच्या स्क्रीनवरून एकेक अक्षर वाचत होत्या, काका पेन्सिलीच्या उरल्यासुरल्या टोकाने कागदावर टिंब देत होते आणि मासेवाले आपल्या फोनवरच्या पत्त्यावर बोट सरकवत "हो" म्हणत होते. मध्यावर ते अडखळले. "हा पाच की एस?" काकांची पेन्सिल हवेत थांबली. फोन खिडकीशी नेऊन, चष्मा कपाळावर चढवून, डोळा पार काचेला टेकवून त्यांनी निकाल दिला. "पाच." काकांनी टिंब दिलं. दारात उभे राहिलेले भावजी नकळत पुढे आले होते आणि ओठांतल्या ओठांत सगळ्यांबरोबर वाचत होते.

शेवटचं अक्षर झालं. वहिनींनी बटण दाबलं. काकांनी डोळे मिटून दाबलं. ऑफिसची गंगाजळी जवळजवळ सगळी एका श्वासात गेली, आणि थोड्या वेळाने मासेवाल्यांचा फोन टुणकन वाजला.

"आले," ते म्हणाले. आनंद झालेला माणूस असा दिसत नाही. "आता तिला तुम्ही सांगा. माझं ती ऐकायची नाही." त्यांनीच नंबर लावून फोन वहिनींच्या हातात दिला.

पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "बोला."

मुलीसाठी वहिनींनी दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. जावयासाठी एकही नव्हतं. "तुमच्या सासऱ्यांचे पैसे जिच्या हातून गेले, ती मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "चूक आमची होती. पैसे आत्ता परत केले. तुमच्यावर जो आळ आला, तो या ऑफिसातून निघाला. माफी मागते."

पलीकडचा आवाज म्हणाला, "बाबा आहेत तिथे?"

वहिनींनी फोन दिला. मासेवाल्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. "हं," म्हणाले. "हं. अरे, मी काय म्हणतो..." शेवटी एकदा "बरं" म्हणाले आणि फोन खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"पासवर्ड बदला म्हणाला. आजच्या आज. आणि नवा मला सांगू नका म्हणाला."

काका काहीतरी शोधत टेबलाखाली वाकले. भावजींनी मासेवाल्यांसाठी खुर्ची आणली. ते बसले नाहीत.

"रागावलेत," वहिनी म्हणाल्या. "होतील शांत."

"रागावून बोलला असता तर चाललं असतं. बँकेतल्या माणसासारखा बोलला." मासेवाल्यांनी फोन उलटसुलट करून बघितला. "बदलायचा कसा असतो तो? आजवर त्यानेच केलंय सगळं."

वहिनींनी आपली खुर्ची त्यांना दिली, कॉम्प्युटरवर त्यांच्या खात्याचं पान उघडून दिलं आणि नवा पासवर्ड कुठल्या चौकोनात लिहायचा ते बोटाने दाखवलं. मग त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे एकेक कळ शोधत, थांबत, एका बोटाने टकटक चालली होती.

"हे घेत नाहीये," मासेवाले म्हणाले. "लाल अक्षरात काहीतरी येतंय. बघा ना."

"मी बघणार नाही. तिथे काय लिहिलंय ते वाचा."

"फार छोटा आहे म्हणतंय."

"मग मोठा करा."

"काय घालू?" टकटक थांबली. "मला मुलीचं नाव सोडून दुसरं काही आठवत नाही हो."

"ते नको, ते सगळ्यांना माहीत असतं," वहिनी भिंतीला म्हणाल्या. "सावकाश आठवा. मी इथेच आहे."

टकटक पुन्हा सुरू झाली.